किल्ली कुठल्या कुलपाची?

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप. परवा एका मित्राने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "हे तुझ्यासाठीच आहे, ताबडतोब पैसे भर." पोस्टाने येणारी रहस्यकथा. दर आठवड्याला एक पत्र, १९२० च्या दशकातला खून, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, संशयितांच्या चिठ्ठ्या. किकस्टार्टरवर उद्दिष्ट केव्हाच पार झालेलं. त्याखाली शिडीसारखी यादी: एवढे डॉलर झाले की मेणाचं सील, आणखी एवढे झाले की पितळी नाणं, त्याच्यावर गेले की नकाशा, आणि सगळ्यात वर एक अख्खी जादा कथा.

मी ती शिडी पाहिली आणि टॅब बंद केला. मित्र म्हणाला, "तू म्हातारा झालास." असेन. पण का बंद केला ते सांगतो.

तर झालं काय, की २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी अशाच एका मोहिमेत पैसे भरले होते. नाव सांगत नाही, त्या लोकांची दानत वाईट नव्हती. बारा पत्रं, बारा आठवडे, मे २०१९ पासून सुरू. मे महिना महत्त्वाचा होता, कारण एप्रिल ते ऑक्टोबर बाबा आमच्याकडे बेलव्ह्यूला राहायला येणार होते. ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येऊन गेलेत त्यांना ते सहा महिने माहीत आहेत. पहिला महिना कौतुकाचा. मग आपण ऑफिसात, आणि ते खिडकीपाशी. गाडी नाही, ओळखीचं कुणी नाही. दुपारी मेलबॉक्सपर्यंत जाऊन येणं हाच काय तो दिवसातला कार्यक्रम, आणि त्यात निघणार पिझ्झाची कुपनं.

बाबा बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. झुंजार आणि काळा पहाड वाचनालयातून आणायचे, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचे. म्हटलं, यांच्या नावाने दर आठवड्याला एक संशयास्पद पत्र येऊ दे. मेलबॉक्सकडे जायला निमित्त होईल.

मोहिमेचं उद्दिष्ट पंधरा हजार डॉलरचं होतं, जमले साठच्या वर. दर दोन दिवसांनी नवीन स्ट्रेच गोल. जाड कागद! मेणाचं सील! खरीखुरी लोखंडी किल्ली! मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. मग मे गेला. किल्लीचा नमुना पसंत पडला नाही. जुलै गेला. किल्ली पाकिटात मावत नाही. ऑक्टोबरमध्ये बाबा नाशिकला परतले. पहिलं खोकं आलं जानेवारी २०२० मध्ये.

हो, खोकं. कारण किल्लीमुळे पाकिटाचं खोकं झालं, आणि बारा खोकी पाठवणं परवडेना म्हणून तीन-तीन पत्रं एकत्र, महिन्याला एक अशी चार खोकी. म्हणजे जी गोष्ट विकत घेतली होती, आठवडाभर वाट बघायची आणि मग एक पत्र, तीच बक्षिसाच्या नादात गेली.

आता यातलं गणित बघू. (इंजिनियर आहे, राहवत नाही.)

स्ट्रेच गोल बघताना आपल्याला वाटतं, उद्दिष्टाच्या वर आलेले पैसे म्हणजे वरचे पैसे. तसं नसतं. ते नवीन माणसांकडून येतात आणि त्या प्रत्येकाला पूर्ण संच द्यायचा असतो. समजा एका संचाचे ६० डॉलर. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, पैसे वळते करण्याचे साधारण ३ टक्के आणि वर २० सेंट, म्हणजे ५ डॉलर गेले. छपाई आणि पोस्टेज मिळून ३५ धरा. उरले २०. आता रक्कम ५० हजारांवरून ६० हजारांवर गेली, की वरच्या १० हजारांत आले सुमारे १६७ लोक. त्यांच्याकडून प्रत्यक्षात सुटे झाले ३,३४० डॉलर. पण किल्ली फक्त त्या १६७ जणांना द्यायची नाहीये, सगळ्या हजार जणांना द्यायची आहे. किल्ली दीड डॉलर, वाढलेलं पोस्टेज चार डॉलर धरलं तर साडेपाच हजार. म्हणजे जास्त पैसे जमल्यामुळे तो माणूस दोन हजारांनी खड्ड्यात गेला, आणि वर सगळे त्याचं अभिनंदन करताहेत.

पोस्टाने येणाऱ्या कथेत हे दुखणं जास्त, कारण पोस्टाचा खर्च पायऱ्यांनी वाढतो. अमेरिकन पोस्टात साधं पत्र म्हणजे जास्तीत जास्त पाव इंच जाड आणि साडेतीन औंस वजनाचं. एक औंसापर्यंतचं तिकीट जुलै २०२५ मध्ये ७८ सेंट झालं. मशीनमध्ये वाकणार नाही असं काही आत असलं तर जादा आकार. जाडी पाव इंचाच्या वर गेली की ते 'मोठं पाकीट', दर साधारण दुप्पट. आणि आत कडक, उंचसखल वस्तू असली की थेट पार्सल, दर अनेक पट. बोर्ड गेमच्या खोक्यात आणखी एक लाकडी सोंगटी टाकली तर खोकं तेच राहतं. इथे एक किल्ली टाकली की पत्राची जातच बदलते. तेही गुणिले बारा, गुणिले हजार.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्ट्रेच गोल तीन प्रकारचे. एक, खर्च एकदाच: लेखकाला आणखी महिनाभर वेळ, चांगला चित्रकार, चांगला संपादक. दोन, खर्च प्रत्येक संचामागे: जाड कागद. तीन, खर्च प्रत्येक पाकिटामागे: किल्ली, सील, नाणं. जितके लोक जास्त तितका पहिला प्रकार स्वस्त पडतो. तिसऱ्यात खर्च लोकांबरोबर वाढतच जातो. पण पोस्टरवर दिसतो तिसरा. "संपादक ठेवला!" यावर कोण टाळ्या वाजवणार?

आणि पहिला प्रकारही बिनधोक नाही. डबल फाइनने २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांच्या वर मिळाले. पैसे वाढले तसा खेळ वाढला, आणि जुलै २०१३ मध्ये टिम शेफरने कळवलं की पैसे पुरत नाहीत, खेळाचे दोन भाग करतो. 'ब्रोकन एज'चा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. क्लायंटच्या "बस, एवढंच छोटंसं ॲड करा"ने ज्यांचे वीकेंड गेलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे क्लायंट आणि मॅनेजर दोन्ही भूमिका तोच बिचारा करतो.

काही लोक लगेच फसवणुकीवर येतात. फसवणूक होते. पत्त्यांच्या एका कॅटच्या मोहिमेवरून आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या अॅटर्नी जनरलने २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१५ मध्ये तो जिंकला. किकस्टार्टरच्या २०१५ च्या अहवालाप्रमाणे ९ टक्के मोहिमा कबूल केलेलं देऊ शकल्या नव्हत्या. पण शंभरातले नव्वद जण देतातच की. माझा प्रश्न चोरांचा नाही, भल्या माणसांचा आहे. टाळ्यांच्या भरात ते स्वतःलाच उधार वचन देऊन बसतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्ट्रेच गोल नसेल तर उद्दिष्ट गाठल्यावर मोहीम मरगळते, मित्राला ओढून आणायला कारण उरत नाही. खरं आहे. पण त्यालाही तोड निघते. २०१५ मध्ये 'एक्सप्लोडिंग किटन्स'ने १० हजार डॉलर मागितले, ८७ लाखांच्या वर मिळाले, २ लाख १९ हजार लोकांकडून. त्यांनी पैशांची शिडी लावलीच नाही, लोकांनी मिळून करायच्या गमतीजमती ठेवल्या, अमुक फोटो काढा, तमुक वेश करा. आणि पत्ते ठरल्याप्रमाणे जुलैमध्ये पोचायला लागले.

आता मुख्य मुद्दा. रहस्यकथेत वस्तू असू नयेत असं मी म्हणत नाही. डेनिस व्हीटलीने १९३६ मध्ये 'मर्डर ऑफ मायामी' काढलं. पुस्तक नव्हेच, पोलिसांची फाइल: तारा, हस्ताक्षरातली पत्रं, फोटो, केस, जळकी काडी, रक्ताचा डाग असलेला पडद्याचा तुकडा. उत्तर शेवटी सीलबंद. त्यात वस्तू शोभेला नव्हत्या, त्या पुरावा होत्या. कथा त्यांच्यासकटच रचली होती.

मग स्ट्रेच गोलमधली किल्ली काय असते? ती पुरावा असेल, तर तिच्याशिवाय कथा अपुरी होती आणि तुम्ही अपुरी कथा विकायला काढली होती. पुरावा नसेल, तर खुनाच्या फाइलमध्ये तिचं काय काम?

"असू दे की, शोभेची वस्तू," असं म्हणता येत नाही. रहस्यकथेच्या पाकिटात शोभेची वस्तू नसतेच. वाचक प्रत्येक चिटोऱ्यावर संशय घेतो, तेच तर त्याचं काम.

हे मला बाबांनी शिकवलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. बाबा नाशिकला एकटे, मी इथे. तोवर तीन खोकी आली होती. २९ मार्चच्या रविवारपासून मी दर रविवारी एकच पत्र स्कॅन करून त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला लागलो. अख्खा संच हातात असूनही एकच. बाबा वहीत टिपणं काढायचे आणि रात्री फोन. तेव्हा फोनवर बोलायला दुसरा विषय म्हणजे फक्त आकडे होते. आम्ही खुनाबद्दल बोलायचो.

किल्लीचाही फोटो पाठवला. तिच्यावर १७ असा आकडा होता. बाबांनी तीन आठवडे त्या सतरावर घालवले. हॉटेलची खोली? बँकेचा लॉकर? प्रत्येक पत्रात सतरावा शब्द काढून पाहिला. बारावं पत्र आलं, खुनी सापडला (बाबांनी नवव्यातच ओळखला होता), पण सतराचा उल्लेख कुठेच नाही. मी मोहीमवाल्यांना विचारलं. उत्तर आलं, तो ज्यांनी किल्ल्या बनवल्या त्यांच्या साच्याचा नंबर आहे.

बाबांना सांगितलं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे लेखकाला माहीतच नव्हतं की त्याने मला काय पाठवलंय."

यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

तर हल्ली मी पैसे भरण्याआधी तीनच गोष्टी बघतो. कथा लिहून झाली आहे का? स्ट्रेच गोल पत्रात भर घालतो की पाकिटात? आणि उद्दिष्ट गाठल्यावर "झालं, आता कामाला लागतो" असं म्हणायची त्या माणसाची तयारी आहे का? तिन्ही नीट असतील तर आनंदाने पैसे भरतो. लेखकाला चार पैसे जास्त सुटावेत, त्याबद्दल मला त्याच्याकडून नाणं नको.

असो. मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण मेणाचं सील मस्त दिसतं रे."

दिसतं. नाकारत नाही. किल्ली अजून माझ्या टेबलावर आहे, तीही मस्तच दिसते.