सुकी अळंबी आणि तिची पूड

मुकुंदवाडी एके काळी वेगळे गाव होते. आज ते छत्रपती संभाजीनगर शहराचाच भाग झाले आहे. शहर असे दाराशी आल्यावर गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळंबी घेणे शेतकऱ्यास अवघड नाही. अवघड आहे ती विक्री. कारण ताजी धिंगरी उघड्यावर एकदोन दिवसांतच मलूल होते. म्हणून उरलेला माल सुकवावा, हे उचितच होय. दहा किलो ताज्या अळंबीची सुकून सुमारे एक किलो होते.

परंतु न खपलेली अळंबी खराब होऊ लागल्यावर सुकवून तिची पूड करावी, ही चाल आम्हांस मान्य नाही. पुडीत डाग दिसत नाही, कीड दिसत नाही, भेसळही दिसत नाही. सुकवावयाची ती काढल्या दिवशीच सुकवावी. रानातील अनोळखी अळंबीचे विष सुकविल्याने जाते, असा भरवसा तर मुळीच धरू नये.

घेणाऱ्याने सुकी अळंबी अखंड घ्यावी. ती कट्कन मोडली पाहिजे; वाकली तर आत ओल आहे असे समजावे. कुबट वास नसावा. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ती रश्शात घालावी व भिजवणीचे पाणीही गाळून त्यातच वापरावे. पूड हवी असल्यास घरीच कुटून पिठल्यात वा आमटीत चमचाभर शिजवावी.

फसलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. जी पूड आपण आपल्या घरच्या पिठल्यात घालू, तीच विकावी, एवढेच आमचे शेतकरी बंधूंस सांगणे आहे.