सल्या कुठे गेला?

मूळ चित्रपट चांगला की रिमेक, हा वाद आपल्या घरांत नेहमीचा. अब्बा म्हणतात, जुनं ते सोनं. मुलं म्हणतात, जुन्यात रंग नाही, आवाज खरखरतो, पाहवत नाही. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. रिमेक म्हटला की तो पडेलच असं नाही, आणि नवा आहे म्हणून सरस असंही नाही.

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एका भाषेतला धडा दुसऱ्या भाषेत न्यायचा तर दोन रस्ते असतात. एक नक्कल, म्हणजे शब्दाखाली शब्द ठेवत जायचं. दुसरा तर्जुमा. लिहिणाऱ्याला नेमकं काय सलत होतं ते आधी ओळखायचं आणि मग आपल्या भाषेत सांगायचं. तर्जुम्यात गाव बदलतं, माणसांची नावं बदलतात, सल मात्र तोच राहतो. रिमेक पाहताना मी हीच फूटपट्टी लावते.

‘मदर इंडिया’ हा रिमेक आहे, हे अनेकांच्या लक्षात नसतं. महबूब खान यांनी १९४० साली ‘औरत’ काढला. त्यात सरदार अख्तर नायिका होत्या. सतरा वर्षांनी, १९५७ मध्ये, त्यांनी स्वतःचीच गोष्ट नर्गिसला घेऊन पुन्हा सांगितली. सावकाराच्या भूमिकेत नटसुद्धा तोच ठेवला, कन्हैयालाल. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, म्हणून नवा चित्रपट म्हातारी राधा कालव्याचं उद्घाटन करते तिथून सुरू होतो. सावकाराचं न फिटणारं कर्ज आणि एकट्या बाईची अब्रू हा सल मात्र तसाच राहिला. पुढे हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीची उचल फेडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना सुखीलालाची वही समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं उदाहरण घराघरातलं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. त्या हिंदी चित्रपटाची आठवण आज फार थोड्यांना असेल, पण धनंजय माने माहीत नाही असं मराठी घर सापडणार नाही. सचिन पिळगावकरांनी नुसती पुरुषांना साडी नेसवण्याची गंमत उचलली नाही. पुण्यात खोली मिळवताना होणारी दमछाक त्यांनी नेमकी पकडली. घरमालक, अटी, परवानग्या, खोटी नाती, सगळं आपल्या ओळखीचं. शिकायला किंवा नोकरीला शहरात गेलेल्या आपल्या मुलांना तर नाव सांगताच “खोली कालच गेली हो” हे ऐकायची सवय असते. ती मुलं या चित्रपटाला इतरांपेक्षा थोडं जास्त हसतात, आणि का हसतात ते आपल्याला कळतं.

मालिकांचंही असंच आहे. ‘आई कुठे काय करते’ मूळची बंगाली, ‘श्रीमोयी’. तीच गोष्ट हिंदीत ‘अनुपमा’ झाली. मराठीतली अरुंधती गाते, हिंदीतली अनुपमा नाचते. पंचवीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईची घरातच किंमत राहू नये, हा सल तिन्ही भाषांत पोचला, म्हणून तिन्ही ठिकाणी बायका टीव्हीसमोर बसल्या. मालिकेचं दुखणं वेगळंच. प्रेक्षक आहेत तोवर ती संपत नाही. बंगाली मालिका २०२१ मध्ये थांबली, मराठी २०२४ पर्यंत चालली. गोष्ट सांगून झाल्यावर उरतात ती नुसती कारस्थानं. ताकात पाणी घालत गेलं की भांडं भरतं, चव जाते.

आता फसलेला प्रयत्न. मिर्झा हादी रुस्वा यांच्या कादंबरीवर मुजफ्फर अली यांनी १९८१ मध्ये ‘उमराव जान’ केला. रेखा, शहरयार यांच्या गझला, खय्याम यांचं संगीत आणि गाणारी आपली सांगलीची आशा भोसले. त्यातली उमराव आधी शायर आहे, मग तवायफ. २००६ मध्ये जे. पी. दत्ता यांनी ऐश्वर्या रायला घेऊन तीच कहाणी पुन्हा केली. दागिने वाढले, झुंबरं वाढली, पण शायर मागे पडली. मग उरलं काय, तर एका सुंदर बाईचं रडगाणं. प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. उर्दू शिकवणारी म्हणून मला वाईट वाटलं ते याचंच. जबानीचा नुसता साज वापरला, आतली गोष्ट घेतलीच नाही.

हे सगळं सांगितलं ते ‘सैराट’ आणि ‘धडक’पर्यंत येण्यासाठी.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आमच्या केज तालुक्याहून तो भाग काही फार लांब नाही. तीच बोली, तेच ऊन, त्याच विहिरी. मासेमारी करणाऱ्याचा मुलगा परश्या आणि पाटलाची मुलगी आर्ची. दोन वर्षांनी, २० जुलै २०१८ ला, हिंदी ‘धडक’ आला. गोष्ट उदयपूरला गेली. संगीत दोन्हीकडे अजय-अतुल यांचंच. ‘धडक’ दिसायला देखणा आहे. तलाव, हवेल्या, झळाळते कपडे. मुलगा आता तलावाकाठच्या हॉटेलवाल्याचा, मुलगी राजकारणातल्या बड्या घराण्यातली. जातीचा उल्लेख जाता जाता येतो आणि पुढे जातो. ‘सैराट’मध्ये जात पाटलाच्या बंगल्यात आहे, पोलीस ठाण्यात आहे, वर्गातसुद्धा आहे. पाटलाचा मुलगा भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारतो, आणि तो कोण हे शिक्षकाला माहीत नव्हतं, हीच शिक्षकाची चूक ठरते. मी शिक्षिका आहे, तो प्रसंग मला विसरता येत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी फारशी बोललेलं मी ऐकलं नाही. परश्याचे दोन जिवलग मित्र आहेत, लंगड्या आणि सल्या. सल्या म्हणजे सलीम शेख. अरबाज शेख या मुलाने ती भूमिका केली आहे. हा सल्या आपल्या वाचकांनी पुन्हा एकदा नीट पाहावा. तो कव्वाली गात नाही, ‘जनाब’ म्हणत नाही, डोळ्यांत सुरमा घालून कुणाला धमकावत नाही. देशभक्ती सिद्ध करण्यासाठी त्याला मरावंही लागत नाही. तो मित्रांसारखंच अस्सल गावरान मराठी बोलतो, विहिरीवर जातो, चेष्टा करतो, मित्रासाठी मार खातो आणि खोट्या तक्रारीत त्याच्यासोबत अडकतो. आपली पोरं गावात जशी असतात, तसाच. मराठी पडद्यावरचा मुसलमान बहुतेक वेळा मोडकंतोडकं हिंदी-मराठी बोलतो आणि लोक हसतात. सल्याला लोक हसले ते त्याच्या विनोदाला, त्याच्या बोलीला नाही.

‘धडक’मध्ये नायकाचे मित्र आहेत गोकुळ आणि पुरुषोत्तम. सल्या नाही. कुणी मुद्दाम काढला असं मी म्हणत नाही, दुष्टावा नसेलही. जात पुसट केली, गाव गुळगुळीत केलं, तेव्हा गावात नैसर्गिकपणे राहणारा सलीमही त्याबरोबर निघून गेला असावा. गाव खरं असेल तर त्यात आपण असतोच. गाव सजावटीचं झालं की आपण एक तर गायब होतो, नाहीतर नमुना म्हणून मांडले जातो.

शेवटही बदलला आहे. ‘सैराट’मध्ये आर्ची आणि परश्या दोघे मारले जातात आणि त्यांचं लेकरू मागे उरतं. ‘धडक’मध्ये नवरा आणि लेकरू जातं, मुलगी वाचते. नववीतली एक विद्यार्थिनी मला म्हणाली, “मॅडम, मुलगी वाचते तेच बरं नाही का?” मी विचारलं, “वाचून ती कुठे जाणार?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण निदान ती सांगेल तरी, कोणी केलं ते.” तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. रिमेकमध्येही एखादी जागा अशी सापडते, हे मान्य करायला हवं.

तरीही माझं मत ‘सैराट’कडेच झुकतं, आणि त्याचं कारण आपल्या घरांशी निगडित आहे. आपण म्हणतो, आपल्यात जातपात नाही. मग निकाह ठरवताना शेख, सय्यद, पठाण, बागवान, पिंजारी, मणियार, खाटीक ही चौकशी कशाची असते? मुलगा शिकलेला, कमावता, नेक असला तरी ‘बिरादरीतला नाही’ म्हणून निरोप परत जातो. मुलीला कुणी विचारतही नाही. ‘सैराट’ पाहताना हा आरसा समोर येतो आणि मान खाली जाते. ‘धडक’ पाहताना वाटतं, ही तर तिकडच्या राजवाड्यातल्या लोकांची भांडणं, आपला काय संबंध? जो रिमेक प्रेक्षकाला असा सुखरूप बाहेर सोडतो, तो मूळच्या बरोबरीला येत नाही, मग त्याच्यावर कितीही खर्च झालेला असो.

आमच्या युसूफ वडगावसारख्या गावात आता सिनेमा मोबाइलवरच पोचतो. मूळ आणि रिमेक दोन्ही एकाच खिशात असतात, आणि मुलं बहुधा नवं तेवढं पाहतात. रागावून उपयोग नाही. मोठ्या मुलांनी ‘धडक’ पाहिला असेल तर एखाद्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसून ‘सैराट’ही पाहा. संपल्यावर दोन प्रश्न विचारा. पहिला, नव्यात कोण कमी झालं? दुसरा, आपल्या घरात आर्ची असती तर आपण काय केलं असतं? पहिल्याचं उत्तर मुलं देतील. दुसऱ्याचं आधी आपल्याला द्यावं लागेल.