सीओपीडी: बोटावरचा आकडा पाहणार कोण?

कोरोनाच्या साथीत, २०२०-२१ मध्ये, पल्स ऑक्सिमीटर अनेक घरांत आला. आता सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, ऑक्सिजन, नाडी, श्वासाचा वेग घरीच मोजून मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवणारे सेन्सरही मिळतात. मैंदर्गीहून तपासणीसाठी सोलापूर गाठणाऱ्या कुटुंबाला ही सोय मोलाची वाटणारच.

पण त्याने रुग्णालयात भरती होणे टळते का? स्कॉटलंडमधील २५६ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखीच वैद्यकीय सेवा होती. रोज घरून नोंदी पाठवणाऱ्यांचे भरती होणे लक्षणीयरीत्या लांबले नाही. म्हणजे आकड्यामागे वेळेवर मिळणारी सेवा महत्त्वाची.

म्हणून यंत्र घेण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या: तुमचा नेहमीचा ऑक्सिजन किती, किती खाली गेल्यास कळवायचे आणि कोणाला.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर आकडा ९८ व्हावा म्हणून स्वतःहून प्रवाह वाढवू नका. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ टक्के पुरतात. जादा ऑक्सिजनमुळे काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो.

सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. धाप वाढली, बेडक्याचा रंग बदलला, तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ओठ निळे पडले, गुंगी आली किंवा बोलताना वाक्य पुरे होत नसेल, तर थेट १०८ ला फोन करा.