पुढच्या चाकाचं म्हणणं

मोटारीचा आवाज बंद करायला आपल्याकडे सगळे तयार असतात. तो ऐकून घ्यायला मात्र कोणी तयार नसतो. ही माझी जाहीर तक्रार आहे आणि ती मी दुधनीहून करतो आहे. दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं, अक्कलकोट तालुक्यातलं अगदी टोक. इथून थोडं पुढं सरकलं की कर्नाटक लागतं. त्यामुळे इथला माणूस वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. अशा या गावात माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकानं तिसऱ्याच भाषेत बोलायला सुरुवात केली आणि गावाची सगळी भाषिक उदारता एका दिवसात आटोपली.

चाक म्हणत होतं, "खर्रर्र... किर्रर्र." मधूनच एखादं "चीं".

पहिलं मत दिलं शेजारच्या अण्णांनी. ते ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "एनू आगंगिल्ला." म्हणजे काही होत नाही. हे वाक्य कुठल्याही भाषेत बोललं तरी तितकंच धोक्याचं असतं. ज्याला काही होणार नसतं तोच ते दुसऱ्याला सांगत असतो.

दुसरं मत निवृत्त गुरुजींचं. त्यांनी गाडीत बसून एक फेरी मारली, काचा वर करायला लावल्या, रेडिओ मोठा करायला लावला आणि विजयी मुद्रेनं विचारलं, "आता येतो का आवाज?" चाळीस वर्षं वर्ग शांत ठेवण्यात घालवलेल्या माणसाला चाकाची हरकतसुद्धा गडबडच वाटते.

तिसरं मत किराणा दुकानात मिळालं, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्या तिसऱ्या मतासाठीच लिहायला घेतला. "मालक, दोन थेंब तेल सोडा की! दाराला सोडतो तसं." हे सांगणारा गृहस्थ अत्यंत सज्जन. त्याच्या दुकानाचं दार खरोखरच लोण्यासारखं फिरतं. पण दाराची बिजागरी आणि ब्रेक यांत एक बारीकसा फरक आहे. बिजागरीनं फिरावं म्हणून ती बसवलेली असते आणि ब्रेकनं अडवावं म्हणून तो बसवलेला असतो. ब्रेकमध्ये पॅड डिस्कला घट्ट दाबून घासतात, त्या घर्षणानं गाडी थांबते. तिथं तेल गेलं की घर्षण गेलं. आवाज बंद होईल हे शंभर टक्के खरं. पण मग समोर टपावर भाविक बसवलेली गाणगापूरची जीप आली, तर शेवटी जो आवाज होईल तो आपल्याला ऐकायला मिळेलच असं नाही. शिवाय गाडी थांबवण्याचं बरंचसं ओझं पुढच्याच ब्रेकवर असतं, कारण ब्रेक लागला की सगळं वजन पुढं झुकतं. आणि आमच्याकडे अंधार पडल्यावर मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यावर कुठंही प्रकट होते. तिच्यापुढे एनू आगंगिल्ला हा मंत्र चालत नाही.

मग मी सोलापूरच्या एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. नाव सांगत नाही. तिथं बसायला कोच होता, प्यायला थंड पाणी होतं आणि गळ्यात टाय घातलेला एक अतिशय नम्र तरुण होता. मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. ब्रेक न दाबताही आवाज येतो, चाकाच्या वेगाबरोबर वाढतो, वळणावर थोडा बदलतो. तो मान हलवत लिहून घेत होता. नंतर कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यावर दोनच शब्द होते : "पुढून आवाज". खाली अंदाजपत्रक. दोन्ही बाजूंचे पॅड, दोन्ही डिस्क, दोन्ही बेअरिंगं. तोपर्यंत चाक काढणं तर सोडाच, चाकाकडे कोणी पाहिलंही नव्हतं.

"चाक उघडून बघितलंत का?" मी विचारलं.

"सर, एकदा सगळं बदललं की टेन्शनच नाही."

कोणाचं टेन्शन, ते त्यानं सांगितलं नाही.

आता यातलं थोडं खरंही आहे. पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे मिळून बदलतात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढू लागते. पण बदलायचे की नाही हे ठरवण्यासाठी ते आधी बघावे लागतात. दुधनीच्या अडतीवर तुरीचं पोतं कोणी बाहेरून बघून घेत नाही. टोकदार पोकळ सळई पोत्यात खुपसतात, दाणे तळहातावर घेतात, एखादा दाताखाली फोडतात, मग भावाची गोष्ट. आणि हाच चिकित्सक माणूस गाडी घेऊन गेला की बंद चाकावर काही हजारांची सही करून येतो!

मला तर त्या "पुढून आवाज" या दोन शब्दांचाच जास्त राग आला. अहो, आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा काय दरिद्री आहे? आपल्याकडे दार करकरतं, मूल किरकिरतं, सून कुरकुरते, सासरा घोरतो, भांडी खणखणतात, खिडकी खडखडते, म्हातारं माणूस घरघरतं आणि पाटीवर पेन्सील चिरकते. एवढं भांडार घरात असताना चाकाच्या वाट्याला नुसता "आवाज" यावा? यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धं निदान आहे. आणि उरलेलं अर्धं एका साध्या प्रश्नात आहे : केव्हा?

चाक चिरकतं, पण फक्त सकाळी, रात्री पाऊस पडून गेल्यावर, आणि पहिले चार-पाच ब्रेक लागले की गप्प होतं? मग डिस्कवर रात्रीत हलका गंज चढलेला असतो, तो घासून निघतो. डिस्क बिडाची असते, बीड ओलं राहिलं की गंजणारच. खर्च शून्य.

चालताना बारीक चीं चालू असते आणि ब्रेक दाबला की थांबते किंवा सूर बदलते? बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. ती मुद्दाम तशी बसवलेली असते. म्हणजे कारखान्यानं आपल्यासाठी ठेवलेला तो दवंडीवाला आहे, आणि आपण रेडिओ मोठा करून त्याला गावाबाहेर घालवतो.

तो ओरडून ओरडून थकला की मग खरखर सुरू होते. ब्रेक दाबला की खर्रर्र, पायाला जाणवेल अशी. अस्तर संपलं, लोखंडावर लोखंड. आता त्याच दिवशी गाडी उभी करायची. पॅडच्या पैशात भागलं असतं, तिथं आता डिस्कचीही भर घालावी लागते.

एका सुरात घूं घूं, वेगाबरोबर वाढणारी? बेअरिंग किंवा टायर. रस्ता बदलला की सूर बदलत असेल तर बहुधा टायर. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घूं वाढली तर उजव्या बेअरिंगचा संशय धरावा, आणि उलट असेल तर डाव्याचा. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टक्‌टक्‌टक्? ॲक्सलच्या टोकाचा सांधा. खड्ड्यात खडखड आणि ब्रेकवर पाय ठेवला की गप्प? पॅड त्यांच्या जागेत सैल हलताहेत. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलंय? कॅलिपरची पीन किंवा पिस्टन अडकलाय, ब्रेक सुटतच नाही. (हात दुरूनच धरावा, डिस्कला लावू नये, तव्याला लावत नाही तसाच.) आणि चालताना ठक्‌ठक् येऊन स्टेअरिंग थरथरत असेल तर बाकीचं शास्त्र बाजूला ठेवून आधी उतरावं आणि चाकाचे नट बघावे.

यात अवघड काय आहे? घरात मूल रडलं तर ते भुकेनं रडतंय, झोपेनं की कान दुखतोय म्हणून, हे आजी बघता बघता ओळखते. ती कधी "मुलाकडून आवाज" असं लिहून घेत नाही.

आवाज दाबण्याची ही खोड तशी जुनी आहे, आणि महागातही पडलेली आहे. लँचेस्टर नावाच्या इंग्रजानं १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या ब्रेकमध्ये तांब्याचे पॅड होते, आणि धातूवर धातू घासल्यावर काय होतं हे पाटा-वरवंट्याला टाकी लावताना ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. पुढे ब्रेकना ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं. आवाज बसला, उष्णता सोसली, सगळे खूश. अनेक दशकांनी कळलं की त्याची धूळ माणसाच्या फुप्फुसांचा घात करते. उलट बर्था बेंझ या बाईचं बघा. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता ती त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, शंभरएक किलोमीटरवरच्या माहेरी निघाली. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. ती थांबली, काय बिघडलंय ते पाहिलं आणि एका चांभाराकडून ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराचा जन्म असा झाला. तिच्या शेजारी कोणी अण्णा बसलेले नव्हते, हे जगाचं नशीब.

आणि ऐकण्याचं महत्त्व डॉक्टरांना पटून तर दोनशे वर्षं उलटली. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली. तिचा पुढे स्टेथॉस्कोप झाला. डॉक्टरनं नळी न लावता "दोन्ही फुप्फुसं बदलून टाकू, टेन्शन नाही" असं म्हटलं तर आपण तिथून पळू. वर्कशॉपात आपण त्यावर सही करतो.

शेवटी माझ्या चाकाचं म्हणणं ऐकलं ते आमच्या दुधनीतल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी आधी मलाच गाडी चालवायला लावली आणि स्वतः चाकाच्या बाजूनं, मान वाकडी करून, वीस पावलं चालत आले. मग गाडी जॅकवर घेतली, चाक हातानं फिरवलं, वर-खाली धरून हलवून बघितलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला आणि मूठ कानाला लावली. चाक काढलं. डिस्क आणि तिच्यामागचा धुळीचा पत्रा यांच्यामध्ये एक खडा अडकला होता. हरभऱ्याएवढा. तो त्यांनी काढून माझ्या हातावर ठेवला. मग पॅड मोजून बघितले, "अजून पुष्कळ हायत" म्हणाले, कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना लागतं ते खास ग्रीस लावलं, आणि चाक बसवलं. पाऊण तास. दोनशे रुपये.

मी पैसे दिले आणि गावात खळबळ उडाली. "खड्याचे दोनशे?" अडतीवरचे एक शेठ तर हळहळले, "सर, तुमाला फसवलं बघा. पार्ट तर काहीच घातला नाही!"

माझं भांडण आहे ते इथं. त्या टायवाल्या तरुणाशीसुद्धा नाही इतकं या वाक्याशी आहे. पार्ट घातला असता तर शेठजींनी दोनशेच काय, दोन हजारही मुकाट्यानं दिले असते, कारण खोक्यातून काहीतरी निघालेलं दिसलं असतं. आपण वस्तूचे पैसे देतो. पाऊण तासाची मेहनत, चाळीस वर्षांचा कान आणि "याची गरज नाही" असं सांगण्याची सचोटी, यांना आपल्या हिशेबाच्या वहीत रकानाच नाही. मग मिस्त्रीनं करावं काय? ऐकण्याचे पैसे मिळत नाहीत आणि बदलण्याचे मिळतात, हे त्यालाही कळतं. त्याचा पोरगा ते आणखी लवकर शिकतो. दहा वर्षांनी आपण तक्रार करतो की हल्ली पहिल्यासारखे मिस्त्री राहिले नाहीत. कसे राहतील? आपणच त्यांना पाऊण तासाला चहा पाजून वाटेला लावलंय.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि आता त्याच्या जागी २०१९ चा आहे. या कायद्यात सेवेतली त्रुटी हीही दाद मागण्याची गोष्ट आहे, नुसता खराब माल नव्हे. कायद्याला कळलं की सेवा ही पैशाची गोष्ट आहे. गिऱ्हाइकाला अजून कळायचंय.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. चाक बोललं की काचा खाली करून ऐका. कोणत्या जातीचा आवाज आणि केव्हा, हे दोन ओळीत लिहून न्या, आणि कागदावर तसंच लिहून घ्यायला लावा. चाक उघडल्याशिवाय सही करू नका. काही बदललंच तर जुना भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा. आणि ज्यानं ऐकून, बघून, काहीही न बदलता गाडी परत दिली, त्याला पूर्ण पैसे द्या, वर घासाघीस करू नका.

तेल मात्र घरीच ठेवा. फोडणीला लागतं.