काकांची वही आणि दमाणींचं बिल

परवा कँटीनमध्ये राधाकिशन दमाणींवरून वाद झाला. "सेल्फ-मेड म्हणतात ते याला!" असं एक जण म्हणाला. मला त्याच्याशी भांडता येईना, कारण माझ्या बॅगेतला बिस्किटाचा पुडाही डीमार्टचाच होता.

दमाणींची गोष्ट आहेच तशी. बी.कॉम. अर्धवट सोडलं. वडील गेल्यावर बॉल बेअरिंगचा धंदा सोडून शेअर बाजारात उतरले आणि तिथे नाव कमावलं. मग नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन किराणा समजून घेतला आणि 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. पुढची पंधरा वर्षं घाई न करता दुकानं वाढवली. मार्च 2017 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा 299 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला.

यामागचं गणित साधं आहे. बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीची, म्हणून भाड्याची कटकट कमी. खरेदी मोठी आणि माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते, म्हणून माल स्वस्तात मिळतो. गिऱ्हाईकाला मात्र उधारी नाही.

आता आमच्या फतेहगंजमधले कोपऱ्यावरचे दुकानवाले काका. मी बारावीत असताना पप्पांच्या कंपनीने चार महिने पगार दिला नाही. ते चार महिने घरातले तांदूळ, तेल, साखर काकांच्या वहीवर आले. आई संकोचली की काका म्हणायचे, "पछी आपजो ने, बेन."

पगार सुरू झाला, बाकी फिटली. आणि हळूहळू आम्ही डीमार्टला जायला लागलो. रविवारी मिस्सा झाली की थेट तिकडे. कारण काय, तर "काका महाग देतात."

का महाग देतात, हा प्रश्न मला त्या वादानंतर पहिल्यांदा पडला. दमाणी पैसे लवकर देतात, म्हणून त्यांना भाव चांगला मिळतो. काका कुठून देणार? त्यांचे पैसे तर आमच्यासारख्यांच्या घरात अडकलेले. म्हणजे त्यांच्या साखरेवरच्या जास्तीच्या दोन रुपयांत थोडा वाटा आमच्या उशिराचाही होता!

यात दमाणींचा दोष नाही. देणं वेळेवर चुकवणं हा गुणच आहे. त्यांच्याकडून आपण शिकायचं ते हेच, नुसती श्रीमंतांच्या यादीतली जागा काय बघायची? पण खिशात रोख असली की डीमार्ट आणि नसली की काका, हा हिशेब मला पटत नाही. अडचणीला जो उधार देतो, त्याचं दुकान चांगल्या दिवसांतही चालायला हवं. नाहीतर पुढच्या वेळी वही उघडायला तिथे कोणी नसेल.

काल काकांकडून चहा-साखर आणली. त्यांनी सवयीने वही पुढे ओढली. म्हटलं, "नको काका, आज रोख."