चित्रा दोन अंश सरकली तेव्हा

तिळगूळ वाटता वाटता ‘आजपासून उत्तरायण’ असे दर संक्रांतीला हमखास ऐकू येते. दिवस मात्र त्याआधी तीन आठवड्यांपासूनच मोठा होऊ लागलेला असतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि हे वळण एकाच वेळी पडत होते. मग फाटाफूट कशाने झाली? त्याचा माग प्रथम एका ताऱ्याच्या नोंदीतून लागला. चैत्राला नाव देणारी चित्राच ती.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात ग्रीक खगोलज्ञ टिमोखारिसने चित्रेची जागा मोजली होती. सप्टेंबरात दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो, त्या शरद संपाताच्या पश्चिमेला आठ अंश. दीडेकशे वर्षांनी हिप्पार्कसने मोजले तर सहाच भरले. ‘जुन्याची मोजणी चुकली’ म्हणून त्याला हात झटकता आले असते. त्याने जुन्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि संपातबिंदूच सरकतो आहे, असा निष्कर्ष काढला. शतकाला निदान एक अंश, हा त्याचा अंदाज; प्रत्यक्षात एका अंशाला साधारण ७२ वर्षे पुरतात. दुर्बीण यायला तेव्हा अजून सतरा शतके होती! संक्रांत ताऱ्यांना धरून राहते, सूर्याचे वळण संपाताबरोबर सरकते; फाटाफूट झाली ती अशी.

या सरकण्याच्या हिशेबावरून, म्हणजे अयनांशावरून, महाराष्ट्रातले पंचांगकर्ते हिरिरीने भांडले. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा? टिळकांचा कौल रेवतीतल्या एका मंद ताऱ्याला, वेंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे. फरक सुमारे चार अंशांचा. पण तेवढ्याने काही वर्षी अधिक महिना वेगळा पडतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतले गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर मागेपुढे येतात. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५च्या अहवालात चित्रेच्या बाजूने कौल दिला. पण पंचांग आकाशाशी जुळलेच पाहिजे, यावर टिळक-केतकरांचे दुमत नव्हते.

हा आग्रहच आता विसरला गेला आहे. १९८९मध्ये निघालेल्या युरोपच्या ‘हिप्पार्कोस’ उपग्रहाने सुमारे १ लाख १८ हजार तारे बारकाईने मोजले. २०२५मध्ये निवृत्त झालेल्या ‘गाया’च्या यादीत तर १८० कोटींच्या आसपास तारे आहेत. आणि इथे ‘आजपासून उत्तरायण’ हे एक वाक्य दुरुस्त होत नाही.

संक्रांतीचा सण हलवा, असे कुणी म्हणत नाही. उत्तरायणाचा खरा आरंभ काही पंचांगे डिसेंबरच्या पानावर छापतातही. तो शाळांनी मुलांना दाखवावा. २२ डिसेंबरला मैदानात काठी उभी करून माध्यान्हीची सावली मोजावी, संक्रांतीला पुन्हा मोजावी. दुसरी आखूड भरेल.