ग्रेगरी बाल्डवरचा बहर
अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवर, ग्रेट स्मोकी पर्वतात सुमारे १,५०० मीटर उंचीवर ग्रेगरी बाल्ड हा गवताळ माथा आहे. जूनच्या उत्तरार्धात तिथे रानटी अझेलिया फुलते. चढणीचे सारे श्रम सार्थकी लावणारा हा बहर. अनेक जातींचा आपसूक संकर झाल्याने शेजारच्या झुडपांचे रंगही जुळत नाहीत: पांढरा, गुलाबी, पिवळा, शेंदरी, लालभडक. फूल मात्र जवळूनच पाहावे. नळीतून पाच लांब, बाकदार पुंकेसर बाहेर झेपावलेले असतात. याच कुळातल्या शेंदरी फ्लेम अझेलियाचे परागकण चिकट धाग्यांत गुंफलेले असतात. मकरंद पिताना मोठी फुलपाखरे पंख फडफडवतात आणि त्या पंखांवरूनच पराग पुढच्या फुलावर पोहोचतात.